माझ्या गाडीची खडखड

एसटीत कंडक्टर म्हणून मी उमेदीची सगळी वर्षं काढली. गाडीच्या बाहेर काय चाललंय ते ड्रायव्हरला कळतं, आत काय चाललंय ते कंडक्टरला. कोणती काच सैल झाली, कोणत्या सीटचा बोल्ट निघाला, वरच्या फळीवर कुणाचा डबा लोळतोय, हे मला तिकीट फाडता फाडता, मान वर न करता सांगता यायचं. भर गर्दीत कुणाच्या हातून नाणं पडलं, तर ते कोणत्या बाकाखाली गेलं तेही मी सांगायची. लोक वाकून बघायचे आणि नाणं तिथंच सापडायचं. मी बढाई मारते आहे असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय. माझ्याजवळ कान आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

आमचे ड्रायव्हरसाहेब म्हणजे माझा नवरा. नोकरी दोघांची एकाच आगारात, पण एका गाडीवर ड्यूटी क्वचितच लागली, आणि तेच बरं झालं. दोघंही तोंडाने फटकळ. आम्ही एका गाडीवर असतो तर प्रवाशांची तिकिटाच्या पैशात करमणूकही झाली असती. नोकरीभर त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलेला आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो पाहावाच लागतो. मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते. ते मला मास्तर म्हणतात, कारण आमच्या नोकरीत कंडक्टरला मास्तरच म्हणायची पद्धत आहे, मग तो पुरुष असो की बाई.

निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली. माझ्या पैशाने, माझ्या नावावर. जुनीच, लहानशी, पांढरी. चालवायला शिकवायची जबाबदारी ड्रायव्हरसाहेबांनी मोठ्या हौसेने घेतली आणि पहिल्याच सकाळी शाळेच्या मैदानावर ते माझ्या अंगावर असे ओरडले की मी गाडी तिथंच सोडून पायी घरी आले. दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. बाकीच्या सगळ्या कॉलेजच्या पोरी. त्या मला काकू म्हणायच्या आणि मी त्यांच्याआधी रिव्हर्स शिकले. लायसन्स हातात आलं त्या दिवशी ते मी कपाटात, बिल्ल्याच्या अगदी शेजारी उभं करून ठेवलं. गाडी काढताना घेते, परत आल्यावर पुन्हा तिथंच ठेवते. पाहुण्यांना आता दोन्ही पाहावं लागतं.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. एसटीत गाडी माझ्या घंटीवर थांबायची आणि माझ्या घंटीवर चालायची. दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. पण चालवायचं दुसऱ्याने. माझं माहेर वैनगंगेच्या पलीकडे आहे. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीची सोंगं-गाणी, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुण्यांची रीघ. लग्न होऊन गेलेल्या लेकी मंडईला माहेरी येतात. मीही दर वर्षी जायची. कधी बसने, कधी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर पिशवी धरून. आता मला स्टेअरिंग धरून जायचं होतं. भर मंडईच्या गर्दीतून हॉर्न वाजवत जायचं, आणि गाडी भावाच्या दारात, सगळ्या गावासमोर लावायची. नदीपलीकडे ब्रह्मपुरीला दिलेल्या लेकीकडे मी गाडी घेऊन बरेचदा गेले होते. तिथून माहेर जवळच आहे, पण मुद्दाम नेली नव्हती. पहिल्यांदा न्यायची ती मंडईलाच, असं मी ठरवलं होतं आणि ते साऱ्या घराला माहीत होतं.

पावसाळा संपत आला आणि गाडी वाजायला लागली.

चांगल्या रस्त्यावर काही नाही. खड्डा आला, रेल्वेचं फाटक आलं, की खडखड. आधी वाटलं, काही तरी पिशवीत असेल. मग पिशवी नसतानाही आली. लेकीकडे जाऊन आल्यावर थोडी वाढली. पुन्हा जाऊन आलो, पुन्हा वाढली. रेडिओ लावला तरी ती त्याच्यावरून ऐकू यायची. मला तर ती गाडी बंद असतानाही डोक्यात वाजल्यासारखी वाटायची. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीतला आवाज ओळखला, तिला स्वतःच्या गाडीतला सापडू नये, याचा मला इतका राग यायचा की मी स्टेअरिंगवर थाप मारायची.

ड्रायव्हरसाहेबांनी पहिल्या दिवशीच निकाल दिला. "खालचं काम आहे," म्हणाले. "सस्पेन्शन गेलं."

आम्ही गोंदियाला गेलो. मिस्त्रीने गाडी वर उचलली, खालचे रबर बदलले, नट आवळले, बॅटरीचा उजेड पाडून इकडेतिकडे बघितलं. परत येताना पहिल्याच फाटकावर खडखड झाली. पुन्हा गेलो. मिस्त्रीने स्वतः गाडी चालवून पाहिली आणि हात पुसत म्हणाला, "बाई, पुरानी गाडी है, थोडा तो बजेगाच." मी त्याला दोष दिला नाही. त्याने त्याचं काम नीट केलं होतं. आवाज खाली नव्हताच, तर त्याला खाली सापडणार कसा?

मी घरी येऊन तेच म्हटलं. आवाज आतला आहे.

"तुले का समजते खालचं?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "तू तं जिंदगीभर तिकिटा फाडल्या."

"आन तुमी जिंदगीभर इंजिनाच्या बाजूले बसले," मी म्हटलं. "एक कान इंजिनानं खाल्ला तुमचा. आतलं मले इचारा."

"आन पुलावर काही तुटलं तं? नदीच्या मधात? तवा कोनाले इचारू?"

हे बोलताना त्यांचा आवाज चढला. एरवी माझ्याशी भांडताना ते हसत भांडतात, त्या दिवशी हसले नाहीत. गाडी धोक्याची झाली आहे असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि एकदा त्यांच्या मनाने घेतलं की ते निघत नाही. चार दिवसांत त्यांनी आमगावचं एक गिऱ्हाईक शोधलं. तो इतवारी गाडी बघायला येणार होता. मंडई त्याच्या पुढच्या आठवड्यात होती. मला हे जेवताना सांगितलं.

मी ताट बाजूला सारलं. मी भडकले की माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नसतो. त्या वेळी निघालं ते हे: "इतवारपर्यंत मी आवाज शोधतो. नाही सापडला तं मी स्वतः सही करतो. आन सापडला तं या गाडीचं नाव काढाचं नाही."

"बोलली ना?"

"बोलली."

बोलून गेले ते गेले. मी दिलेला शब्द फिरवत नाही, हे त्यांना माहीत आहे. प्रवासी भांडायला उठला तरी मी कधी सुट्या पैशांचा शब्द फिरवला नाही. म्हणजे इतवारपर्यंत आवाज सापडला नाही तर गाडी जाणार, आणि मी यंदाही मंडईला पिशवी मांडीवर धरून जाणार. पुन्हा गाडी घेऊ म्हटलं असतं तर ड्रायव्हरसाहेबांनी आणि लेकाने मिळून मला वेड्यात काढलं असतं. या वयात दुसऱ्यांदा कोणी गाडी घेऊ देत नाही.

सकाळी मी गाडी रिकामी केली. अंगणात सतरंजी टाकली आणि जे जे हाताला लागेल ते बाहेर काढून ठेवलं. जॅक, पाना, जादा चाक, पाण्याच्या बाटल्या. सीटखालून नातीची एक चप्पल निघाली, जी आम्ही बसस्टँडवर हरवली म्हणून सोडून दिली होती. केसांचा एक क्लिप, शेंगदाणे, मोहाची एक वाळकी बी. डॅशबोर्डच्या कप्प्यात माझा जुना चष्मा होता. ड्रायव्हरसाहेब ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून माझ्याकडे बघत होते. मी रिकामी गाडी रेल्वेच्या फाटकापर्यंत नेऊन आणली. रिकाम्या गाडीत खडखड आणखीच मोकळी वाजत होती. ओट्यावरून पेपरामागून आवाज आला, "भेटला का, मास्तर?"

मी विचार करत होते.

बसमध्ये मी काय करायची? एखादी काच फार वाजायला लागली, आणि नेमकी कोणती ते कळेना, तर मी प्रवाशांना कामाला लावायची. बाबा, तुम्ही या काचेवर हात ठेवा. बाई, तुम्ही ती सीट दाबून धरा. ज्याच्या हाताखाली आवाज मरेल, ती काच. मग तिथे कागदाची घडी कोंबायची आणि पुढच्या स्टॉपपर्यंत शांतता. मी गाडी चालवत होते म्हणून माझे दोन्ही हात अडकलेले. मला आणखी हात हवे होते. म्हणजे प्रवासी हवे होते.

शेजारच्या घरात माझी मोठी जाऊ राहते. तिला म्हटलं, गाडीत बसा. ती म्हणाली, "तुया गाडीत? काऊन वो? मले नातवाचं लगन पाहाचं हाय अजून." तरी ती आली. बसायचा मोह तिला पहिल्यापासून होता, फक्त मी बोलवायची वाट बघत होती. येताना दळणाची पिशवी घेऊन आली, वाटेत चक्कीवर उतरव म्हणून. समोरच्या घरात शिवणकाम करणारी एक बाई राहते. तिला मी मशीनवरून उठवून आणलं. इंजिन चालूच ठेवून जाऊला पुढे डावीकडे बसवलं, शिवणकामवालीला मागे. दोघींना माझे नियम सांगितले. मी सांगेन तिथे हात दाबून धरायचा. आवाज थांबला तर एकदाच टक करायचं, नाही थांबला तर दोनदा, टकटक. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तोंडाने बोलायचं नाही, मला ऐकू दे.

"आमी का मुक्या आहोत?" जाऊ म्हणाली.

"अर्धा घंटा व्हा," मी म्हटलं.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या कडेने जो मुरमाचा रस्ता जातो, तिकडे मी गाडी घातली. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी धान उभा होता. त्या रस्त्यावर माणूस कमी आणि खड्डे भरपूर. मला तेच हवे होते. सुरुवातीला माझ्या प्रवाशांनी मला वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं. जाऊला ओळखीचं माणूस दिसलं की ती टकटक करायची. शिवणकामवाली खड्डा आला की दोन्ही हातांनी पुढची सीट धरायची आणि दाबायचं विसरायची. मी गाडी थांबवली, दोघींना जरा मोठ्या आवाजात समजावलं, आणि पुन्हा सुरुवात केली. मग मात्र त्या कामाला लागल्या.

मागचं उजवं दार. टकटक. मागचं डावं. टकटक. मागच्या काचेखालची फळी. टकटक. वरचं छत शिवणकामवालीने दोन्ही तळव्यांनी वर ढकलून धरलं, जणू ते पडणारच आहे. टकटक. मागची बाजू सुटली. आता आवाज पुढच्या अर्ध्या गाडीत होता, आणि माझ्या अंगात जी उमेद आली ती मी सांगू शकत नाही. डॅशबोर्ड दाबला, कप्प्याचं झाकण दाबलं, सीटचा पट्टा मुठीत धरला. टकटक, टकटक, टकटक. नहर सरळ पुढे चाललेला आणि आमची खडखड सोबत.

मग जाऊ कंटाळली. तिने पाय ताणले, पायापाशी ठेवलेली दळणाची पिशवी गुडघ्याने दाराकडे सरकवली आणि बाहेर बगळे बघत बसली. गाडी एका खोल खड्ड्यातून गेली. मी दात आवळून तयार होते. पण आवाज नेहमीसारखा आला नाही. आला, पण दबका, गोधडीखालून आल्यासारखा.

"पिशवी उचला," मी म्हटलं.

"का?"

"उचला ना."

तिने उचलली. पुढचा खड्डा. खडखड, एकदम मोकळी. "आता ठेवा तशीच, दाराले लावून." ठेवली. पुढचा खड्डा. दबकी. मी गाडी मागे घेतली, तेच दोन खड्डे पुन्हा घेतले. पिशवी वर, खडखड. पिशवी दाराशी, दबकी. डावीकडचं पुढचं दार. खालचा भाग.

मी इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. जाऊ खाली उतरली आणि तिने दार लावलं. माझी जाऊ गाडीचं दार असं लावते, जणू धानाच्या कोठीचं झाकण आदळते आहे. दार धाडकन लागलं, आणि त्याच्या आत, अगदी खाली, छन्न झालं.

तो आवाज मला कोणी सांगायची गरज नव्हती. हजार पिशव्या, कोंबड्या, पोरं आणि भांडणं यांच्या गोंधळातून तो मी ओळखत आले होते. दारात नाणी होती. एक नाही, बरीच.

इतके दिवस तो कसा ऐकू आला नाही, हेही मला तिथंच कळलं. मी बसते उजवीकडे. डावीकडच्या त्या दाराने चढ-उतार करतात फक्त ड्रायव्हरसाहेब, आणि ते दार दोन बोटांनी लावतात, झोपलेलं लेकरू उठेल अशा बेताने. दार आपटणाऱ्या प्रवाशांवर ते नोकरीभर चिडत आले. इंजिन बंद असताना ते जाऊसारखं कोणी आदळलंच नव्हतं.

घरी आले ती हॉर्न वाजवतच. ड्रायव्हरसाहेब अंगणाच्या फाटकात उभे होते. मी उतरायच्या आधीच काच खाली करून सांगितलं, "भेटला. डाव्या दारात आहे. तुमच्या दारात."

मला वाटलं होतं, ते वाद घालतील. त्यांनी त्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "दार पोकळ राहते. दारात का राहीन?" मग म्हणाले, "राहू दे, मिस्त्रीले दाखवतो." आणि चहा ठेवायला आत गेले. आमच्या लग्नापासून आजवर त्यांनी न सांगता चहा ठेवल्याचं मला आठवत नाही.

मिस्त्री कशाला? मी मोबाइलवर व्हिडिओ लावला, जाऊच्या हातात धरायला दिला आणि पेचकस घेऊन बसले. काच वरखाली करायचा दांडा काढला, हँडलमागचे स्क्रू काढले. मग आतली प्लास्टिकची पाटी कडेने ओढायची होती. ती तुटेल अशी भीती वाटत होती, पण व्हिडिओतला माणूस बेधडक ओढत होता, मीही ओढली. टक टक टक करत ती सुटली. आत प्लास्टिकचा कागद, तो सोलला. दाराच्या तळाशी हात घातला. धूळ, धानाचा भुसा, आणि नाणी. मी मुठीने काढत गेले आणि अंगणातल्या परातीत टाकत गेले. काळी पडलेली, चिकट झालेली, पण नाणीच. शिवणकामवालीने तोंडावर पदर घेतला. जाऊ म्हणाली, "बाई वो, दारात गुल्लक ठेवली का?"

ड्रायव्हरसाहेब चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांचं तोंड बघून मला सगळं कळलं, फक्त काय कळलं ते कळलं नव्हतं.

"कोनाचे हे?" मी विचारलं.

"नदीले टाकत होतो," ते म्हणाले.

आमच्या घरात हे चालत नाही, हे सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातून देव्हारा गेला, आणि त्याबरोबर अंगारे, धुपारे, नवस सगळं गेलं. सासरे हे अभिमानाने सांगायचे आणि मीही तशीच वागत आले. बस वैनगंगेच्या पुलावर आली की प्रवासी खिडकीतून नाणी टाकायचे. मी त्यांना सोडायची नाही. नदीले का पैसा लागते, पोराले खाऊ घ्या, असं भर गाडीत सुनवायची. माझं हे भाषण साऱ्या आगाराला माहीत होतं. आणि माझा स्वतःचा नवरा, बिल्लेवाला, त्याच पुलावर, गाडी चालवता चालवता, रस्त्यावरची नजर न हलवता, उजव्या हाताने खिडकीतून नाणं सोडत होता. वर्षानुवर्षं. माझ्या तोंडाच्या भीतीने त्याने ते कुणाला कळू दिलं नाही.

मग माझी गाडी आली. आता ते डावीकडे. हात डावा. नजर सवयीने समोर, रस्त्यावर. आणि मी धुळीसाठी काच वर ठेवते, फक्त वरून चार बोटं फट. माझ्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी काच खाली करायची नाही, वळून बघायचं नाही, नुसतं मनगट वर नेऊन नाणं सोडायचं. त्यांच्या समजुतीने ते सोडत होते फटीतून नदीत. ते लागत होतं काचेला, आणि काचेच्या तळाशी आतल्या बाजूचं रबर जुनं होऊन सुटलंय, तिथून सरळ दाराच्या पोटात. जाताना एक, येताना एक. म्हणून लेकीकडे जाऊन आलो की खडखड वाढायची. आणि मी कधी पकडलं नाही, कारण पुलावर मी रस्त्यावरून नजर काढत नाही. नवऱ्याकडेसुद्धा बघत नाही. याचाही मला अभिमान आहे.

जाऊ इतकी हसली की परातीजवळ खाली बसली. मी पण हसले. ज्या माणसाने सस्पेन्शन गेलं म्हणून गिऱ्हाईक आणलं, त्याचीच नाणी. पण मला राग पण आला होता, आणि राग आला की मी शेवटपर्यंत विचारते.

"बस चालवत होते तवा टाकत होते, ते समजलं," मी म्हटलं. "ज्याच्या हातात गाडी, त्याले भेव राहते. आता कायले? आता तुमी कुठं चालवता?"

"म्हनूनच तं," ते म्हणाले.

"म्हनूनच का?"

त्यांनी कप ओट्यावर ठेवले. ते अशा गोष्टी बोलणारे नाहीत. इकडेतिकडे बघत, जाऊ आणि शिवणकामवाली ऐकत आहेत हे दिसत असताना, थोडे चिडूनच म्हणाले, "जो चालवते त्यानं टाकावं लागते. तू तं टाकत नाही. तू मानत नाही. मंग तुयावाला मी टाकून रायलो होतो. ड्रायव्हर तं तू आहेस ना?"

मी ऐकलं. नीट ऐकलं. तरी म्हटलं, "का म्हनले?"

"काही नाही. चहा थंडा होऊन रायला."

मी हात तसेच काळे ठेवून चहा घेतला. शाळेच्या मैदानावर माझ्यावर ओरडलेला हाच माणूस. घरात मला मास्तर म्हणणारा, माझ्या लायसन्सकडे बघून मिशीत हसणारा. आणि हाच माणूस पहिल्या फेरीपासून, माझ्या शेजारी बसून, मला न सांगता, मला ड्रायव्हर धरून चालला होता. मला बिल्ला मिळाला असता तरी इतका आनंद झाला नसता. हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं असं नाही, त्यांना माहीत आहे.

गिऱ्हाइकाला त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्यासमोर फोन केला. "मालकीन विकत नाही," म्हणाले, आणि पलीकडून काही विचारलं असावं, तर म्हणाले, "नाही नाही, गाडी एकदम टनाटन आहे."

मंडईला आम्ही सकाळी निघालो. जाऊ मागच्या सीटवर, नव्या लुगड्यात, मांडीवर अनारशांचा डबा. तिने आता पुढची जागा मागितली होती, पण ती दिली नाही. ती नाणी मी घासून, रुमालात घट्ट बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली होती. वडसा गेलं, फाटक गेलं. मी मुद्दाम फाटक जरा जोरात घेतलं. काही वाजलं नाही. ड्रायव्हरसाहेब समोर बघत होते.

पूल आला. मी गिअर खाली आणला आणि म्हटलं, "कप्प्यात रुमाल आहे. काच पुरी खाली करा."

ते माझ्याकडे बघायला लागले. "तू मानत नाहीस ना?"

"मी आताही मानत नाही. हे माझं नाही, तुमचं आहे. पण टाकता तं नीट टाका. खिडकीतून बाहेर बघून टाका."

त्यांनी दांडा फिरवला, काच खाली गेली, वारा आत आला. रुमालाची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. मी हळू चालवत राहिले, मागे एक ट्रॅक्टर होता, त्याला हाताने थांब म्हटलं. मग त्यांनी हात पूर्ण बाहेर काढला आणि मूठ उघडली. मी बघितलं नाही. मी रस्ता बघत होते. मागून जाऊ म्हणाली, "गेले बाई, सगळे पान्यात गेले."

काच वर झाली. आणि मग माझ्या डाव्या बाजूला, डॅशबोर्डवर, बोटाच्या पेराने दोनदा वाजलं. टक, टक.

"चला, ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले.

मी तिसरा गिअर टाकला. पुलापलीकडचा रस्ता अजून खराबच आहे. भावाच्या दारापर्यंत मी एकही खड्डा चुकवला नाही, आणि गाडीतून एकही आवाज आला नाही.